वीज जाऊन आली की व्हीएममधलं यूएसबी टोकन गायब: पुन्हा पुन्हा येणारा बिघाड मुळापासून कसा काढला

आधी लक्षण सांगते, म्हणजे तुमचा आणि माझा त्रास एकच आहे का ते कळेल. नेटवर्कवरून व्हीएमला (म्हणजे एका संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकाला) दिलेलं यूएसबी उपकरण दिवसेंदिवस नीट चालतं. मग एकदा वीज जाते आणि येते. व्हीएम चालूच असतं, नेटवर्कही चालू असतं, पण उपकरण दिसत नाही. सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं की चालतं, आणि पुढच्या वेळी वीज गेली की पुन्हा तेच. कधी त्याहून विचित्र प्रकार होतो. उपकरण यादीत दिसतं, पण हात लावला की मरतं.

आमच्याकडे हे उपकरण म्हणजे बाबांचं डिजिटल सहीचं टोकन, ज्याला सगळे डीएससी म्हणतात. बाबा चार्टर्ड अकाउंटंट आहेत. साताऱ्यात खाली त्यांचं ऑफिस आणि वर आम्ही राहतो. सप्टेंबर संपत आला की टॅक्स ऑडिटचे अहवाल भरायची घाई असते आणि त्यातल्या प्रत्येकावर त्यांची डिजिटल सही लागते. अशा वेळी रात्री नऊ वाजता खालून हाक आली, "अगं, टोकन परत गेलं," की मला जिने उतरून दोन्ही यंत्रं रिस्टार्ट करावी लागत. तीन पावसाळे हेच चाललं. शेवटी मी ठरवलं की आता रिस्टार्ट करायचं नाही, नेमकं काय तुटतं ते बघायचं. खाली लिहिलंय ते त्यातून निघालं.

रचना साधी आहे. टोकन ऑफिसातल्या कुलपाच्या कपाटात रास्पबेरी पाय ४ या छोट्या लिनक्स संगणकाला लावलेलं असतं. वरच्या खोलीत मिनी पीसीवर प्रॉक्समॉक्स, म्हणजे आभासी संगणक चालवणारी लिनक्स प्रणाली, आहे आणि त्यात विंडोजचं व्हीएम. बाबांचं सगळं काम त्या विंडोजमध्ये चालतं, कारण त्याचा रोज रात्री बॅकअप होतो. ते लॅपटॉपवरून तिथे जोडले जातात. रास्पबेरीकडून प्रॉक्समॉक्सकडे टोकन जातं यूएसबीआयपीने, म्हणजे यूएसबी उपकरण नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राला देणाऱ्या लिनक्सच्या सोयीने, आणि प्रॉक्समॉक्स ते पुढे व्हीएमला देतं.

एक गोष्ट आधीच सांगते. आज्ञा आणि फाइलींची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन लिपीत टाइप करा.

आत काय घडतं

यूएसबीआयपी हा प्रकार जपानमधल्या नारा इथल्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत जन्मला. त्यावरचा निबंध २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. २००८ मध्ये तो लिनक्स कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) २.६.२८ आवृत्तीत कच्च्या कोडच्या विभागात आला आणि २०१४ मध्ये ३.१७ पासून मुख्य कर्नलचा भाग झाला. म्हणजे बाहेरून काही विकत घ्यावं लागत नाही. रास्पबेरीवरचा 'यूएसबीआयपी-होस्ट' हा ड्रायव्हर उपकरण ताब्यात घेतो, 'यूएसबीआयपीडी' हा सेवक टीसीपीच्या (नेटवर्कवर जोडणी धरून बोलायच्या पद्धतीच्या) ३२४० पोर्टवर, म्हणजे त्या क्रमांकाच्या दारावर, वाट बघतो, आणि पलीकडे 'व्हीएचसीआय-एचसीडी' नावाचा मोड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा) एक खोटा यूएसबी कंट्रोलर उभा करतो. पलीकडच्या कर्नलला वाटतं की आपल्याच खाचेत काहीतरी लावलं.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की उपकरण ताब्यात घेणं म्हणजे 'बाइंड' आणि पलीकडे जोडणं म्हणजे 'अटॅच', हे दोन्ही फक्त मेमरीत राहतात. कुठल्याही फाइलीत त्यांची नोंद होत नाही. यंत्र बंद पडलं, उपकरण क्षणभर निसटलं, केबल हलली, की ती जोडणी पुसली जाते आणि कोणी बाइंड-अटॅचच्या आज्ञा पुन्हा दिल्याशिवाय ती आपोआप परत येत नाही. बिघाड पुन्हा पुन्हा येतो तो यामुळे. रिस्टार्टने तो तात्पुरता जातो, कारण रिस्टार्टनंतर आपण हाताने त्या दोन आज्ञा पुन्हा देतो.

आणि आमच्या इन्व्हर्टरने यात भर घातली. वीज गेली की तो भार उचलतो, पण मधे डोळ्याचं पातं लवेपर्यंतचा खंड पडतो. मिनी पीसीच्या अडॅप्टरमध्ये तेवढा दम आहे, तो तगतो. रास्पबेरी मात्र पडते आणि पुन्हा उठते. म्हणजे साखळीचं एक टोक नव्याने जन्मलेलं आणि दुसऱ्या टोकाला काही घडल्याचं माहीतच नाही. सगळं एकदम गेलं असतं तर इतका गोंधळ झाला नसता.

रिस्टार्ट करण्याआधी हे बघा

बिघाड दिसला की पहिली दोन मिनिटं कशालाही हात लावू नका. रिस्टार्ट केलं की पुरावा जातो.

रास्पबेरीवर 'एलएसयूएसबी' चालवा. टोकन तिथे दिसतच नसेल तर प्रश्न वायर, खाच किंवा वीजपुरवठ्याचा आहे, नेटवर्कचा नाही. दिसत असेल तर 'यूएसबीआयपी लिस्ट -एल' ने त्याचा बस क्रमांक घ्या. आमच्याकडे तो १-१.३ आहे, म्हणजे पहिली बस, पहिलं पोर्ट, तिथल्या हबची तिसरी खाच. हा क्रमांक उपकरणाचा नसतो, खाचेचा असतो. कोणी झाडलोट करताना टोकन शेजारच्या खाचेत लावलं की क्रमांक बदलतो आणि तुमच्या सगळ्या स्क्रिप्ट रिकाम्या जागेकडे बोट दाखवत बसतात. मी त्या खाचेवर नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवलाय.

मग '/सिस/बस/यूएसबी/डिव्हायसेस/१-१.३' या फोल्डरात 'यूएसबीआयपी_स्टेटस' नावाची फाइल आहे का बघा. फाइलच नसेल तर बाइंड सुटलंय. असेल तर आत एक आकडा असतो. १ म्हणजे उपकरण मोकळं आहे, २ म्हणजे कोणीतरी घेतलंय, ३ म्हणजे चूक झाली आहे. ही एक फाइल वाचायला शिकल्यापासून माझा निम्मा वेळ वाचला.

आता प्रॉक्समॉक्सवर 'यूएसबीआयपी लिस्ट -आर' आणि पुढे रास्पबेरीचा आयपी. इथे बहुतेक जण फसतात. 'देण्याजोगं उपकरण सापडलं नाही' अशा अर्थाचा संदेश आला, की रास्पबेरीवर बाइंड झालेलं नाही असं वाटतं. पण जे उपकरण आधीच कोणीतरी घेतलेलं आहे तेही या यादीत येत नाही. तोच संदेश, दोन विरुद्ध कारणं. म्हणूनच आधी तो १, २, ३ चा आकडा बघायचा.

शेवटी प्रॉक्समॉक्सवरच 'यूएसबीआयपी पोर्ट'. इथे जोडलेली उपकरणं दिसतात, प्रत्येकाबरोबर रास्पबेरीचा पत्ता आणि बस क्रमांक.

या चार उत्तरांतून कुठली कडी तुटली ते कळतं. आमच्याकडे एक नाही, तीन वेगवेगळे बिघाड होते आणि बाहेरून तिन्ही सारखेच दिसत होते.

पहिला: रास्पबेरी उठली पण बाइंड विसरली

हा सर्वांत सोपा. 'यूएसबीआयपी-होस्ट' हा मोड्यूल सुरुवातीलाच चढावा म्हणून त्याचं नाव '/ईटीसी/मोड्यूल्स-लोड.डी' मधल्या एका फाइलीत लिहिलं आणि 'यूएसबीआयपीडी' ला सिस्टमडीची (लिनक्समधल्या सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रामची) सेवा केलं. बऱ्याच ठिकाणी तिसरी पायरी म्हणून सुरू होतानाच बाइंड करणारी स्क्रिप्ट सुचवतात. ती पुरत नाही. मशीन चालू असतानाच टोकन क्षणभर निसटून परत आलं तर ती स्क्रिप्ट पुन्हा धावत नाही.

खरं उत्तर यूडेव्हचा (उपकरण लागलं की ठरलेलं काम करणाऱ्या लिनक्सच्या प्रोग्रामचा) नियम. नियमात सांगायचं, की 'अ‍ॅड' ही घटना घडली, उपप्रणाली 'यूएसबी' आहे, प्रकार 'यूएसबी_डिव्हाइस' आहे, आणि उत्पादक व वस्तूचा क्रमांक टोकनाचा आहे, तर सिस्टमडीची एक साचेबंद सेवा सुरू कर आणि तिला कर्नलने दिलेलं नाव पुरव. कर्नलचं नाव म्हणजे नियमातलं 'टक्के के', आणि ते नेमकं बस क्रमांकासारखंच असतं. म्हणजे टोकन कुठल्याही खाचेत लावलं तरी रास्पबेरीवर बाइंड होतंच. सेवेत एकच आज्ञा, 'यूएसबीआयपी बाइंड -बी' आणि ते नाव. थेट नियमातून आज्ञा चालवण्यापेक्षा सेवा बरी, कारण यूडेव्ह लांबलेली कामं मधेच मारून टाकतं. आणि नियम फक्त 'अ‍ॅड' वरच ठेवा. बाइंड करतानाही कर्नल घटना पाठवतो, आणि सगळ्याच घटना पकडल्या तर नियम स्वतःच्याच शेपटीमागे धावत राहतो.

रास्पबेरीवर 'पीसीएससीडी', म्हणजे स्मार्टकार्ड वाचणारा सेवक, बसवलेला असेल तर काढून टाका. प्रॉक्समॉक्सवरूनही. मधल्या कोणीही टोकनाला हात लावता कामा नये.

दुसरा: मेलेली जोडणी जिवंत दिसते

याने मला सर्वांत जास्त छळलं, म्हणून याच्यावर जरा थांबते.

रास्पबेरी पडून उठली. नव्या नियमामुळे बाइंडही झालं. तिथला आकडा १, म्हणजे मोकळं. पण प्रॉक्समॉक्सवर 'यूएसबीआयपी पोर्ट' म्हणतंय की उपकरण जोडलेलं आहे, वापरात आहे. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्येही टोकन दिसतंय. बाबा पिन टाकतात, आणि तेव्हा कुठे ते गायब होतं.

कारण टीसीपीचं आहे. रास्पबेरी अचानक पडली तेव्हा तिने "मी जाते" असा निरोप दिला नाही. पलीकडच्या कर्नलला जोडणी तुटल्याचं कळायला एकच मार्ग, काहीतरी पाठवून बघणं. पण टोकन हे काही कीबोर्डसारखं बडबडं उपकरण नाही. सही करायची नसेल तेव्हा त्याच्या तारेवर जवळजवळ शांतता असते. विंडोज एक विनंती सोडून उत्तराची वाट बघत बसतं. पाठवायला काही नाही, म्हणून कळायला काही नाही. बाबांनी सही करायला घेतली की पहिलं पाकीट जातं, नव्याने उठलेली रास्पबेरी म्हणते, "ही जोडणी मला माहीत नाही," आणि त्या क्षणी सगळं कोसळतं. म्हणजे बिघाड दुपारी तीनला झालेला आणि दिसतो रात्री नऊला. वीज गेल्याचा आणि टोकन गेल्याचा संबंध मला इतके दिवस लागला नाही तो या अंतरामुळे.

टीसीपीत यावर सोय आहे, कीपअलाइव्ह. शांत जोडणीवर मधून मधून टिचकी मारून बघायची. यूएसबीआयपीचा अटॅच करणारा प्रोग्राम ती सोय चालूही करतो. पण लिनक्सची मूळ वेळ ७२०० सेकंद आहे. दोन तास शांतता झाल्यावर पहिली टिचकी, मग ७५ सेकंदांच्या अंतराने ९ वेळा. घरगुती कामाला हे निरुपयोगी आहे.

प्रॉक्समॉक्सवर 'सिसकंट्रोल' या कर्नलची सेटिंग्ज बदलणाऱ्या आज्ञेने तीन आकडे बदलले. 'टीसीपी_कीपअलाइव्ह_टाइम' ३०, 'इंटरव्हल' १०, 'प्रोब्ज' ३. आता रास्पबेरी परत उठली असेल तर पहिल्या टिचकीलाच नकार येतो आणि खोटी जोडणी सुटते. ती उठलीच नाही तर साधारण एका मिनिटात सुटते. हे आकडे '/ईटीसी/सिसकंट्रोल.डी' मधल्या फाइलीत लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या रिस्टार्टला तेही पुसले जातील. ज्या जोडण्या आधीपासून चालू आहेत त्या एकदा 'डिटॅच' करून पुन्हा जोडा.

याचा उलटा प्रकारही होतो. प्रॉक्समॉक्स पडतो आणि रास्पबेरीला वाटतं की उपकरण अजून त्याच्याकडेच आहे. आकडा २ वर अडकतो, आणि नवीन अटॅच करायला गेलं की 'डिव्हाइस बिझी' अशी चूक येते. तेव्हा रास्पबेरीवर 'अनबाइंड' करून लगेच 'बाइंड' करा. रिस्टार्टची गरज नाही.

अटॅचला पुन्हा पुन्हा विचारणारा लागतो

रास्पबेरी बाजूला यूडेव्ह सांगतो की उपकरण आलं. प्रॉक्समॉक्स बाजूला असं सांगणारं कोणी नाही, कारण पलीकडे काय आलं हे त्याच्या कर्नलला दिसत नाही. म्हणून तिथे विचारत राहावं लागतं. मी सिस्टमडीचा टायमर लावलाय, दर १५ सेकंदांनी. स्क्रिप्ट आधी 'यूएसबीआयपी पोर्ट' मध्ये रास्पबेरीचा पत्ता आणि बस क्रमांक शोधते. सापडला तर गप्प बसते. नाही सापडला तर 'लिस्ट -आर' मध्ये उपकरण मोकळं आहे का बघते, आणि असेल तरच अटॅच करते. बघितल्याशिवाय अटॅच ठोकत राहू नका, लॉगमध्ये चुकांचा खच पडतो आणि खरी चूक त्यात हरवते. वर खाच बदलली तरी बाइंड होतं असं म्हटलं, पण ही स्क्रिप्ट ठरलेला बस क्रमांक शोधते, त्यामुळे नेलपॉलिशचा ठिपका अजून कामाचा आहे.

रास्पबेरीचा आयपी राउटरमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन करून पक्का करा. वीज गेल्यावर राउटरही उठतो आणि पत्ते नव्याने वाटतो.

'व्हीएचसीआय-एचसीडी' हा मोड्यूल प्रॉक्समॉक्सवर सुरुवातीलाच चढेल असं बघा. उबुंटूवर हे करत असाल तर आणखी एक सापळा आहे. तिथे यूएसबीआयपीचा प्रोग्राम कर्नलच्या आवृत्तीशी बांधलेल्या 'लिनक्स-टूल्स' पॅकेजमधून येतो. कर्नल अपडेट झाला आणि त्याच्या जोडीचं पॅकेज आलं नाही, तर 'या कर्नलसाठी यूएसबीआयपी सापडत नाही' असा इशारा येतो आणि सगळं ठप्प. डेबियनमध्ये हे पॅकेज वेगळं आहे, तिथे हा त्रास नाही.

व्हीएमला देताना

इथे मी दोन पर्याय तोलले. एक, विंडोजच्या आतच यूएसबीआयपीचा क्लायंट बसवायचा. दोन, प्रॉक्समॉक्सवर जोडून घेऊन तिथून नेहमीसारखं यूएसबी पासथ्रू करायचं, म्हणजे उपकरण जसंच्या तसं व्हीएमच्या हाती द्यायचं. मी दुसरा घेतला. विंडोजला तिथे साधं यूएसबी उपकरण दिसतं, कुठला वेगळा ड्रायव्हर नको, आणि सगळी दुरुस्ती एकाच जागी, लिनक्सवर होते.

प्रॉक्समॉक्समध्ये यूएसबी जोडताना 'व्हेंडर/डिव्हाइस आयडी' हा पर्याय निवडा, 'पोर्ट' नाही. आयडी म्हणजे उदाहरणार्थ ०४०३:६००१ अशी जोडी, जी एका प्रसिद्ध सिरियल चिपची आहे. टोकनाची स्वतःची असते, ती 'एलएसयूएसबी' मध्ये दिसते. आयडीने दिलं की क्यूईमू (प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएम चालवणारा प्रोग्राम) त्या जोडीच्या उपकरणावर लक्ष ठेवून असतो, आणि ते पुन्हा आलं की स्वतःच व्हीएमला जोडतो.

प्रॉक्समॉक्सऐवजी लिबव्हर्ट आणि व्हर्ट-मॅनेजर (व्हीएम सांभाळणारे दुसरे प्रोग्राम) वापरणाऱ्यांनी मात्र हे गृहीत धरू नये. तिथे आयडी लिहिली तरी व्हीएम सुरू होताना लिबव्हर्ट ती बदलून त्या क्षणाचा बस आणि उपकरण क्रमांक घेतो. उपकरण जाऊन आलं की क्रमांक बदलतो आणि जोडणी तुटलेलीच राहते. तिथे यूडेव्ह नियमातून 'व्हर्श अटॅच-डिव्हाइस' चालवावं लागतं. आणि टोकन नसताना व्हीएम सुरूच होत नाही असं झालं, तर 'स्टार्टअपपॉलिसी' 'ऑप्शनल' करा.

एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची दोन टोकनं असतील तर आयडीने त्यांच्यात फरक करता येत नाही. तेव्हा पोर्टनेच द्यावं लागतं, आणि अटॅच नेहमी पहिली मोकळी जागा घेतं, म्हणून स्क्रिप्टमध्ये क्रम काटेकोर पाळावा लागतो. आमच्याकडे बाबांनी दुसरं टोकन वेगळ्या मॉडेलचं घेतलं आणि प्रश्न मिटला.

तिसरा: सगळं बरोबर, तरीही टोकन सापडत नाही

वरचं सगळं झालं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये टोकन लख्ख दिसतंय. आणि सही करणारा प्रोग्राम म्हणतो, टोकन लावा. या वेळी नेटवर्क, रास्पबेरी, कर्नल, सगळं निर्दोष होतं. दोष होता बघण्याच्या पद्धतीत.

बाबा लॅपटॉपवरून विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने व्हीएममध्ये जातात. रिमोट डेस्कटॉपच्या सत्रात विंडोज स्मार्टकार्डाची प्रत्येक विचारणा तुम्ही ज्या यंत्रासमोर बसला आहात त्याच्याकडे वळवतं. व्हीएमला स्वतःला लावलेला रीडर त्या सत्रातल्या प्रोग्रामना दिसतच नाही. हा बिघाड नाही, विंडोजची रचनाच तशी आहे. आणि बरीच डीएससी टोकनं विंडोजला स्मार्टकार्ड रीडर म्हणूनच ओळख देतात.

खात्री करायची असेल तर रिमोट डेस्कटॉपमध्ये 'सर्टयूटिल -एससीइन्फो' चालवा, आणि मग तेच प्रॉक्समॉक्सच्या कन्सोलमधून आत जाऊन चालवा. पहिल्यात रीडर नाही, दुसऱ्यात आहे, असं झालं तर निदान पक्कं.

उपाय दोन. सही करायच्या वेळी प्रॉक्समॉक्सच्या कन्सोलमधून व्हीएममध्ये जा, रिमोट डेस्कटॉपने नको. किंवा टोकन थेट लॅपटॉपला लावा आणि रिमोट डेस्कटॉपच्या 'लोकल रिसोर्सेस' मध्ये स्मार्टकार्डाला परवानगी द्या. टोकनाचा प्रोग्राम व्हीएममध्ये बसवलेला हवा.

दुसरा उपाय नीट वाचा. माणूस आणि टोकन कायम एकाच टेबलापाशी असतील तर यूएसबीआयपी लागतच नाही. आमच्याकडे लागतं, कारण टोकन कपाटाबाहेर काढायचं नाही असा बाबांचा नियम आहे आणि तो मला पटतो.

टोकन नीट ओळखलं जात नसताना पिन पुन्हा पुन्हा टाकून बघू नका. चुकीच्या पिनची मर्यादा ठरलेली असते, आणि टोकन कुलूपबंद झालं तर ऐन शेवटच्या तारखेला नवं सर्टिफिकेट काढत बसावं लागतं.

वीज गेली नाही, तरी मधेच तुटतं

हा वेगळा आजार आहे. रास्पबेरीवर 'डीमेसेज' मध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदवहीत, 'रिसेट फुल-स्पीड यूएसबी डिव्हाइस' किंवा 'यूएसबी डिस्कनेक्ट' अशा ओळी वारंवार येत असतील तर आधी अडॅप्टर बघा. रास्पबेरी पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा पुरवठा हवा. मोबाइलचा जुना चार्जर चालतोय असं वाटतं, पण भार वाढला की व्होल्टेज पडतं. 'व्हीसीजेनकमांड गेट_थ्रॉटल्ड' चं उत्तर शून्य आलं तर ठीक. ५०००० असा आकडा दिसला, तर यंत्र सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलंय. माझ्याकडे हाच आकडा आला होता, आणि अडॅप्टर बदलल्यापासून त्या ओळी बंद झाल्या.

मग झोप. उपकरणाच्या 'पॉवर/कंट्रोल' फाइलीत 'ऑटो' असेल तर 'ऑन' करा. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्येही 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा.

रास्पबेरी वायफायवर असेल तर वायर ओढा. वायफायने हे चालतं, पण यूएसबीतल्या प्रत्येक देवाणघेवाणीला नेटवर्कवरून जाऊन यायला लागतं, आणि वायफाय क्षणभर अडखळला की पलीकडचा ड्रायव्हर संयम सोडतो. वेबकॅम आणि साउंड कार्ड तर यावरून पाठवूच नका. त्यांचा डेटा ठरलेल्या तालात यावा लागतो आणि उशिरा आलेला फेकूनच द्यावा लागतो.

जे यूएसबीवरून पाठवायची गरज नाही

खरं म्हणजे पुष्कळ उपकरणांसाठी हा सगळा खटाटोप अनाठायी आहे. प्रिंटर रास्पबेरीवर कप्समधून द्या, स्कॅनर सेनमधून, हार्ड डिस्क सांबातून. यूपीएसची माहिती 'नट' ने, पोर्ट ३४९३ वरून. सिरियल उपकरणासाठी 'सर-टू-नेट' आहे. या सगळ्यांत तुटलेली जोडणी पुन्हा जोडायची समज आधीपासून असते. होम असिस्टंटसाठी (घरातली उपकरणं चालवणाऱ्या प्रोग्रामसाठी) झिगबी या बिनतारी पद्धतीचं डोंगल देणाऱ्यांनीही शक्यतो हाच रस्ता घ्यावा. आणि डोंगल यूएसबी ३ च्या डिस्कला चिकटून लावू नका. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो, हे इंटेलने २०१२ मध्येच लिहून ठेवलंय. एक मीटरची एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल दूर न्या. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं.

यूएसबीआयपी लागतं ते टोकन, सॉफ्टवेअरचं डोंगल, एखादं जुनं यंत्र, अशांसाठी. म्हणजे जिथे ड्रायव्हरला खरंखुरं यूएसबी उपकरणच हवं असतं.

सुरक्षेबद्दल, कारण हे सहीचं साधन आहे

यूएसबीआयपीत ओळख तपासणी नाही आणि एन्क्रिप्शनही नाही. ३२४० पोर्टपर्यंत पोचणारा कोणीही, घरातला पाहुण्याचा फोनसुद्धा, मोकळं टोकन स्वतःकडे जोडून घेऊ शकतो. मी रास्पबेरीच्या फायरवॉलमध्ये ३२४० फक्त प्रॉक्समॉक्सच्या आयपीलाच उघडं ठेवलंय, आणि दोन्हींच्या मधे वायरगार्डचा एन्क्रिप्ट केलेला बोगदा आहे. राउटरवर हा पोर्ट बाहेर उघडायचा विचारही करू नका. डीएससी म्हणजे त्या माणसाची सही आहे.

शेवटी चाचणी

हे सगळं लावल्यावर वीज जाण्याची वाट बघू नका. दिवसाढवळ्या, काम नसताना, रास्पबेरीची पिन ओढा आणि पाच सेकंदांनी परत लावा. प्रॉक्समॉक्सवर 'वॉच यूएसबीआयपी पोर्ट' चालू ठेवा. आधी काही वेळ जुनी जोडणी तशीच दिसेल, घाबरू नका. मग ती यादीतून जाईल, आणि रास्पबेरी उठल्यावर टायमरच्या पुढच्या फेरीत परत येईल. विंडोजमध्ये उपकरण जोडल्याचा आवाज होतो. त्यानंतर कन्सोलमधून खरोखर एक सही करून बघा, नुसतं यादीत दिसणं पुरेसं नाही. मग टोकन उपसून परत लावा. मग प्रॉक्समॉक्स रिस्टार्ट करा. शेवटी नेटवर्कची वायर दोन मिनिटं काढून ठेवा. या चौथ्या चाचणीतच माझा आकडा २ वर अडकला होता, कारण प्रॉक्समॉक्सने जोडणी सोडली तरी रास्पबेरीपर्यंत तो निरोप पोचला नव्हता. म्हणून रास्पबेरीवर आता एक छोटी स्क्रिप्ट आहे. आकडा २ आहे आणि प्रॉक्समॉक्स सलग दोन मिनिटं पिंगला उत्तर देत नाही, असं झालं की ती अनबाइंड करून पुन्हा बाइंड करते.